वळणावर न कलणारी एसयूव्ही: नगरच्या रस्त्यांवर ‘अ‍ॅक्टिव्ह अँटी-रोल’चे पैसे वसूल होतात का?

अडीच टनांची एसयूव्ही वळणावर सुसाट जाते आणि तरीही ताठ उभी राहते. अशा रील्स इन्स्टाग्रामवर भरपूर सापडतात आणि खाली कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न असतो, ‘हे फीचर घ्यावं का?’ शोरूममध्ये याचं उत्तर तयारच असतं. पण ती गाडी एमएच १६ किंवा एमएच १७ च्या पासिंगची होणार असेल आणि आठवड्यातून दोनदा करंजी घाट किंवा अकोल्याचा रस्ता बघणार असेल, तर उत्तर जरा वेगळं आहे. या फीचरचा उपयोग आहे, फक्त जाहिरातीत दाखवतात तिथे तो कमी आणि जिथे कुणी कॅमेरा लावत नाही तिथे जास्त आहे.

आधी साधा बॅलन्स रॉड समजून घेऊ

तुमच्या स्विफ्टपासून स्कॉर्पिओपर्यंत बहुतेक गाड्यांच्या खाली एक वाकवलेला स्टीलचा दांडा असतो. पुस्तकात त्याला अँटी-रोल बार किंवा स्टॅबिलायझर म्हणतात, गॅरेजमध्ये ‘बॅलन्स रॉड’. तो डावं आणि उजवं चाक एकमेकांना जोडतो. गाडी वळणावर एका बाजूला कलायला लागली की दांड्याला पीळ बसतो. तो पीळ सुटायला बघतो आणि त्या जोरावर गाडीला सरळ ठेवायचा प्रयत्न करतो.

एसयूव्हीला याची गरज जास्त, कारण तिचं वजन उंचावर असतं. एक साधा हिशोब बघा. अडीच टनांची गाडी ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरने गेली, तर तिला बाहेर ढकलणारा जोर साधारण ५२५ किलो वजनाइतका असतो. तेच वळण ६० च्या वेगाने घेतलं, तर तो ११८० किलोच्या आसपास जातो. वेग दीडपट झाला आणि जोर सव्वादोनपट. घाटात ‘थोडंच तर वाढवलं’ म्हणणारे इथेच फसतात.

मग दांडा जाडजूड का लावत नाहीत? लावता येतो, पण त्याची किंमत सरळ रस्त्यावर मोजावी लागते. दांडा जितका ताठ, तितकी दोन्ही चाकं एकमेकांशी जखडलेली. डावं चाक खड्ड्यात गेलं की त्याचा धक्का उजवीकडेही पोहोचतो, गाडी डावी-उजवीकडे हेलकावते आणि आत बसलेल्यांची डोकी घड्याळाच्या लंबकासारखी हलतात. दांडा बारीक केला तर सरळ रस्त्यावर आराम मिळतो, पण वळणावर गाडी झोल खाते. कंपन्या वर्षानुवर्षं यातला मधला मार्ग काढत आल्या.

‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे काय?

इथे दांडा मधून तोडलेला असतो. दोन अर्ध्या दांड्यांच्या मध्ये एक मोटर आणि गिअर बसवलेले असतात. सेन्सर सांगतात की स्टिअरिंग किती वळलंय, गाडीचा वेग काय आहे, बाजूला किती जोर बसतोय. त्यानुसार मोटर दोन्ही अर्ध्या दांड्यांना उलट दिशेने पिळते. वळण आलं की दांडा कडक, सरळ रस्ता आला की जवळजवळ सुटा.

कल्पना नवी नाही. फ्रान्सच्या सिट्रोएनने १९९० च्या दशकात झँटिया अ‍ॅक्टिव्हा या कारमध्ये तेलाच्या दाबावर चालणारी अशी यंत्रणा आणली. लँड रोव्हरने १९९८ च्या डिस्कव्हरी सिरीज २ मध्ये ती उंच गाडीला दिली. बीएमडब्ल्यूने २००१ च्या ७ सिरीजमध्ये तिची आवृत्ती आणली. या सगळ्यांना पंप, नळ्या आणि तेल लागायचं, म्हणजे गळतीचा धोका आलाच.

खरा बदल झाला तो ४८ व्होल्टमुळे. अडीच टनांची गाडी क्षणात सरळ करायला मोटरला काही किलोवॅट वीज एकदम लागते. नेहमीच्या १२ व्होल्टवर तेवढ्यासाठी चौपट करंट न्यावा लागला असता, पर्यायाने मनगटाएवढ्या वायरी. (शेतावर मोटर आणि केबलचा हिशोब केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) २०१५ मध्ये बेंटलीच्या बेंटायगाने ही इलेक्ट्रिक यंत्रणा एसयूव्हीत आणली. तिची मोटर ०.३ सेकंदात १३०० न्यूटन-मीटरपर्यंत पीळ देते, असं कंपनी सांगते. पाठोपाठ ऑडीची एसक्यू७, पोर्शेची कायेन, लॅम्बोर्गिनीची उरुस आल्या. २०२२ च्या रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये हा आकडा प्रत्येक अ‍ॅक्सलला १४०० न्यूटन-मीटर आहे. रेंज रोव्हर स्पोर्टची जुळणी २०२४ पासून पुण्यात होते, तर ऑडीची क्यू७ छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यात जुळवली जाते. म्हणजे नगरच्या दोन्ही बाजूंना, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, या घराण्यातल्या गाड्या तयार होतात. मात्र गाडीचं नाव तेच असलं तरी प्रत्येक व्हेरिएंटमध्ये हे फीचर असेलच असं नाही. बुकिंगआधी व्हेरिएंटची यादी स्वतः वाचा.

यामुळे गाडी जास्त सुरक्षित होते का?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. गाडी कललेली दिसली नाही, म्हणजे तिच्यावरचा जोर गेला असं नाही. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं, हे गाडीचं वजन, तिची उंची, चाकांमधलं अंतर आणि वेग यावर ठरतं. बॅलन्स रॉड साधा असो की मोटरवाला, हे गणित फारसं बदलत नाही. वर ६० च्या वेगाला काढलेले ११८० किलो तसेच राहतात आणि ते पेलायचं काम टायरचंच असतं.

थोडा फायदा जरूर होतो. गाडी कमी कलल्यामुळे टायर रस्त्यावर नीट टेकून राहतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये भार कसा वाटायचा, हे कॉम्प्युटरला ठरवता येतं. अचानक आडवं काही आलं आणि स्टिअरिंग झटकन डावी-उजवीकडे करावं लागलं, तर गाडी लवकर सावरते. स्वीडनच्या एका मासिकाच्या अशाच चाचणीत झँटिया अ‍ॅक्टिव्हाने १९९९ मध्ये ताशी ८५ किलोमीटरचा वेग गाठला होता आणि तो विक्रम कित्येक वर्षं टिकला. रात्री बिनरिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली अचानक समोर उभी राहणं हा जिल्ह्यात गळीत हंगामातला नेहमीचा अनुभव असल्याने, हा मुद्दा अगदीच सोडून देता येत नाही.

पण याचीच दुसरी बाजू आहे. गाडी कलायला लागली की ड्रायव्हरला पोटात कळतं, ‘वेग जास्त झाला.’ मागून कुणीतरी ‘हळू घ्या हो’ म्हणतं. ताठ राहणारी गाडी हा इशारा पुसट करते. पावसाळ्यात करंजी घाटात किंवा भंडारदरा-घाटघर रस्त्यावर वळणावर चिखल आणि वाळू आलेली असते. तिथे टायरची पकड संपली की गाडी ताठ उभ्या उभ्याच घसरते. त्या वेळी कामाला येतं ते ईएससी, म्हणजे एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी मार्गावर आणणारी यंत्रणा. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची आहे. अ‍ॅक्टिव्ह अँटी-रोल कुठेही सक्तीचं नाही, यावरून दोन्हींचा दर्जा कळतो.

नगरमध्येच डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. मोटार वाहन नियमांनुसार गाड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. असं प्रमाणपत्र गाडी नियमात बसते का ते सांगतं. मागच्या सीटवर बसलेल्या आजींचं डोकं किती हललं, हे त्यात कुठे नसतं. आणि या फीचरचा खरा हिशोब तर तिथेच आहे.

कुठे पैसे वसूल, कुठे वाया?

समृद्धी महामार्ग घ्या. तो जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातून जातो, कारला १२० ची मर्यादा आहे आणि वळणं इतकी मोठी आहेत की गाडी कलण्याचा प्रश्नच जवळजवळ येत नाही. शिर्डीहून चढून मुंबईकडे निघणाऱ्याला हे फीचर असलं काय आणि नसलं काय, सारखंच.

स्पीडब्रेकरवर तर उपयोग शून्य. सरळ गेलात की दोन्ही चाकं एकदम वर जातात, दांड्याला पीळच बसत नाही. तिथे एअर सस्पेन्शन आणि चांगले शॉकअप लागतात. गावागावातल्या स्पीडब्रेकरला वैतागून कुणी अ‍ॅक्टिव्ह अँटी-रोल घेत असेल, तर तो चुकीच्या दुखण्यावर औषध घेतोय.

आता गावाकडचा एकपदरी रस्ता बघा. समोरून ट्रॅक्टर आला, डावी चाकं साईडपट्टीवर उतरवावी लागली. एक बाजू डांबरावर, दुसरी खाली. किंवा एकाच बाजूला खड्ड्यांची माळ. इथे ही यंत्रणा दांडा ‘सुटा’ करते. डावं चाक एकटं खाली जातं, एकटं वर येतं आणि गाडी हेलकावत नाही. शेतातल्या कच्च्या रस्त्यावरही तेच, चाकं स्वतंत्र वर-खाली होत असल्याने ती जमिनीला टेकून राहतात. अकोले, पारनेर, पाथर्डी तालुक्यातल्या आतल्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. त्यातही स्टिअरिंग धरणाऱ्यापेक्षा मागे बसणाऱ्याला जास्त. ज्यांना मानेचा किंवा पाठीचा त्रास आहे अशी माणसं घरात असतील, तर हा विचार करण्यासारखा खर्च आहे.

गाडी लागण्याचं काय? थोडा फरक पडतो. साधारण पाच सेकंदांतून एकदा येणाऱ्या संथ हेलकाव्यांनी सगळ्यात जास्त मळमळतं. गाडीचं कलणं कमी झालं की त्यातला एक भाग कमी होतो. पण वळणावर शरीर बाजूला ढकललं जातं ते तसंच राहतं. घाटघरला जाताना लिंबू-आलेपाक पिशवीत असू द्या.

दुरुस्तीचा खर्च

साध्या बॅलन्स रॉडचे बुश आणि लिंक रॉड कोणत्याही गॅरेजमध्ये तासाभरात बदलून मिळतात. मोटरवाल्या दांड्याचं तसं नाही. मोटर, गिअर आणि इलेक्ट्रॉनिक्स गाडीच्या पोटाखाली, चिखल-पाण्याच्या पट्ट्यात असतात. बिघाड झाला तर बहुतेकदा सबंध भाग बदलावा लागतो आणि तो कंपनीच्या वर्कशॉपमध्येच. नव्या गाडीला वॉरंटी असते, त्यामुळे पहिल्या मालकाला याची झळ कमी. पाच-सहा वर्षं जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्याने मात्र आधी वाढीव वॉरंटी मिळते का ते विचारावं आणि या भागाची किंमत लेखी मागून घ्यावी.

एअर सस्पेन्शन आणि अ‍ॅक्टिव्ह अँटी-रोल यातलं एकच परवडत असेल, तर जिल्ह्यातल्या बहुतेकांसाठी एअर सस्पेन्शन आधी. स्पीडब्रेकर, भरलेली गाडी आणि खराब रस्त्यावर वाढवता येणारी उंची, हे रोजचे प्रश्न ते सोडवतं. तेही आहे आणि हातात पैसे उरतायत, मग दुसऱ्याकडे वळा.

टेस्ट ड्राइव्ह मागताना फीचर असलेली आणि नसलेली, अशा दोन्ही गाड्या मागा. एकदा स्वतः न चालवता मागच्या सीटवर बसा आणि ड्रायव्हरला ताशी ३० च्या वेगाने डावी चाकं साईडपट्टीवर उतरवायला सांगा. जमलं तर घरातल्या वयस्कर माणसाला सोबत न्या. शोरूमसमोरचा गुळगुळीत सर्व्हिस रोड या परीक्षेला पुरणार नाही.