रुई, सरकी आणि शोधाचे श्रेय

मुंबईचा कापूस बाजार विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुलाब्याहून शिवडीनजीक कॉटन ग्रीन येथे आला. तेथील गोदामांत रचल्या जाणाऱ्या प्रत्येक गाठीमागे रुईपासून सरकी वेगळी करण्याची क्रिया होती आणि त्या क्रियेच्या यंत्राचा खरा शोध कोणाचा, हा वाद त्याहून बराच जुना आहे.

भारतात हे काम शतकानुशतके रेच्यावर होत असे. त्याचे दोन रूळ परस्परविरुद्ध फिरत. रुई पुढे जाई, सरकी मागे राही. अमेरिकेतील हिरव्या सरकीच्या आखूड धाग्याच्या कापसापुढे मात्र तेथील रुळांची यंत्रे हतबल ठरली. १७९४ मध्ये पेटंट घेणाऱ्या एली व्हिटनीने रूळच बाजूला सारले. तारेचे दाते रुई फटीतून ओढत आणि फिरता ब्रश ती झाडून काढी. रेचा ठाऊक असलेल्या कोणालाही हे सुचले असते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

हॉजेन होम्सची गोष्ट निराळी. त्याने तारांऐवजी करवतीच्या चकत्या बसवून १७९६ मध्ये स्वतंत्र पेटंट मिळवले. कापसाचा दोन-पंचमांश हिस्सा मागणाऱ्या व्हिटनीच्या भागीदारीवर रुष्ट असलेल्या मळेवाल्यांना मूळ कल्पनाच ‘उघड’ मानणे सोयीचे होते. २०१२ मध्ये स्मार्टफोनच्या गोलाकार कोपऱ्यांवरून झालेल्या अ‍ॅपल-सॅमसंग खटल्यातही याच जातीचा युक्तिवाद झाला. १८०७ मध्ये जॉर्जियातील न्यायालयाने व्हिटनीची बाजू उचलून धरली. तोवर पेटंटची मुदत सरत आली होती.

भारतीय पेटंट कायद्यात ‘तज्ज्ञाला उघड नसणे’ ही कसोटी २००२ च्या दुरुस्तीने व्याख्येत आली. ती होम्सला लावल्यास निर्णय करवतीच्या मजबुतीवर नव्हे, १७९६ पूर्वीच्या कुशल कारागिराला काय ठाऊक होते यावर होईल.