कात्रजचा तलाव आणि आपला नाला

स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिहा काका’ असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. आपल्या सोसायटीला २५ वर्षे झाली. शेजारच्या कात्रजच्या तलावाला पावणेतीनशे होत आली. तेव्हा आधी थोरल्याचा मान.

१७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबिल ओढ्यावर हे काम झाले. तलाव दोन. वरच्यात गाळ खाली बसायचा आणि निवळलेले पाणी खालच्यात यायचे. तिथून जमिनीखालच्या बांधीव नळातून सुमारे ८ किलोमीटर वाहत ते शनिवारवाड्याला आणि पेठांतल्या हौदांना पोचायचे. पंप नाही, वीज नाही, सगळे काम उताराचे! नळात हवा खेळावी, सफाईला माणूस उतरावा म्हणून वाटेत उच्छ्वास बांधलेले. आम्ही बँकवाले पै-पैचा हिशेब जुळवतो. त्या लोकांनी पाण्याचा जुळवला होता.

१९९९ मध्ये खालच्या तलावाकाठी राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले, पुढे पेशवे पार्कातले प्राणी तिथे आले. नंतर लवकरच आपण राहायला आलो. पहाटे डरकाळी ऐकू आली की पाहुणे दचकायचे आणि आपल्याला उगाच अभिमान वाटायचा.

निवृत्तीनंतर सौ. आणि मी तिथे नेमाने जाऊ लागलो. बुधवारी सुट्टी, एवढे लक्षात ठेवायचे. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, काठचा गाळ उघडा पडतो, कधी जलपर्णी सगळे पाणीच झाकून टाकते. पहिल्या पावसानंतर डोंगर हिरवे होतात. थंडीत कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पक्षी पाण्यावर दिसतात. सौ. त्यांना हात जोडायची. आता मी एकटाच जातो, पण हात जोडायचे चुकवत नाही.

आता एक कबुली. सोसायटीच्या मागचा नाला याच ओढ्याला मिळतो. एका वर्षी सर्वसाधारण सभेत ठराव झाला: नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग वाढवावे. मी तेव्हा खजिनदार होतो. नाला आठ महिने कोरडाच असतो, असे म्हणून चेकवर सही केली. स्लॅब पडला, खाली कचरा साचत गेला, कोणी वाकून पाहिले नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाऊस थांबेना. तलाव भरून वाहिला, आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीत घुसला. शहरात माणसे गेली. आपल्याकडे तुंबलेले पाणी पार्किंगमधून वॉचमनच्या खोलीत शिरले. त्याची दोन लेकरे आपल्या पोरांनी खांद्यावर बसवून जिन्यात आणली. छातीइतक्या पाण्यातून! त्या रात्री मला माझी सही दिसत होती.

पुढच्या उन्हाळ्याआधी स्लॅब फोडला. दहा गाड्यांची जागा गेली, कुरकूर झाली, पण त्यानंतर पाणी आत आलेले नाही.

यंदा गाड्या वाढल्या म्हणून तोच विषय पुन्हा अजेंड्यावर आहे. तरुण सभासदांना एवढेच सांगणे: मतदानाआधी एका पावसाळी सकाळी माझ्याबरोबर तलावावर चला. पाणी कुठून येते आणि कुठे जायचे म्हणते, ते काठावर उभे राहून बघा. मग काय तो हात वर करा.