निसरपूरचा मका

इंदूरहून धार आणि धारहून कुक्षी असा प्रवास करून मी निसरपूरला गेलो होतो, ते गाव बुडण्याच्या आदल्या हिवाळ्यात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निमाडचा कापूस आणि वाळत घातलेल्या मिरच्या. मराठी माणसाला हा मुलूख परका वाटत नाही. धारला पवारांचे राज्य होते आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्मही धारच्याच किल्ल्यातला. नर्मदेकाठी थोडे वर गेले की अहिल्याबाईंचे महेश्वर लागते.

ज्या घरी उतरलो होतो, तिथे रात्री दाल-पानिया केले होते. पानिया म्हणजे मक्याच्या पिठाचा जाडसर गोळा रुईच्या पानांत दाबून निखाऱ्यावर भाजायचा. वर तूप आणि सोबत उडदाची डाळ. घरमालक म्हणाले, "हा आमचा आदिवासींचा, अस्सल इथला पदार्थ." मी मान डोलावली. पण मी पडलो गोव्याचा माणूस. मिरची, काजू, अननस, बटाटा यांचा विषय निघाला की आम्हाला लगेच पोर्तुगीज जहाजे दिसू लागतात. मकाही मूळचा अमेरिकेचाच. तो पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला असे मानतात. तीन-चारशे वर्षांत तो भिल्लांच्या चुलीवर असा काही स्थिरावला की आता तोच "अस्सल इथला" झाला.

हाच मका अमेरिकेतून पुन्हा एकदा आपल्याकडे आला होता. त्या वेळी तो व्यापारी माल नव्हता, चर्चमध्ये गोळा झालेल्या दानाचा होता. आज सांगायची आहे ती त्या दुसऱ्या खेपेची गोष्ट.

माळव्यात आणि निमाडमध्ये म्हातारी माणसे अजूनही "छप्पनिया" हा शब्द उच्चारतात. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. पाऊस जवळजवळ पडलाच नाही. गुजरात, राजपुताना, मध्य भारतातली संस्थाने, वऱ्हाड, आपले दख्खन, सगळीकडे एकच अवस्था. या दुष्काळाला लोकांनी "त्रिकाळ" म्हटले, कारण अन्न, वैरण आणि पाणी तिन्ही एकदम संपले. वैरण संपली की बैल मरतात आणि बैल मेले की गाडी थांबते. धारला तेव्हा रेल्वे नव्हती. जवळचे स्टेशन महूचे, तीसेक मैलांवर. म्हणजे मुंबई बंदरात धान्य उतरले तरी महूच्या पुढे ते न्यायचे कशाने, हा प्रश्नच होता. वर १९०० च्या उन्हाळ्यात कॉलरा आला. सर्वांत जास्त हाल झाले ते भिल्लांचे. १९०१ च्या शिरगणतीत धार संस्थानाची लोकसंख्या १ लाख ४२ हजार ११५ भरली. दहा वर्षांत ती वाढायची सोडून घटली होती.

इंग्लंडात तेव्हा बोअर युद्धाची धामधूम होती. लंडनमध्ये हिंदुस्थानच्या दुष्काळासाठी वर्गणी उघडली गेली, पण लोकांचे लक्ष आणि खिसा दोन्ही आफ्रिकेकडे वळलेले होते. अशा वेळी अटलांटिकच्या पलीकडून मदत आली. न्यूयॉर्कहून 'ख्रिश्चन हेरल्ड' नावाचे साप्ताहिक निघत असे आणि लुई क्लॉप्श हे त्याचे मालक होते. त्यांनी दुष्काळग्रस्तांची छायाचित्रे छापली आणि वाचकांना हाक दिली. ते वाचक म्हणजे गावोगावच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये रविवारी जमणारी साधी माणसे. पैसे आले आणि मकाही आला. 'क्विटो' नावाचे जहाज सुमारे दोन लाख बुशेल, म्हणजे पाच हजार टनांच्या घरात मका घेऊन १९०० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाले. जहाजाचे भाडे अमेरिकन सरकारने भरले, धान्य लोकांनी दिले.

त्याआधी, १८९७ च्या दुष्काळातही असे जहाज आले होते. 'सिटी ऑफ एव्हरेट' हे त्याचे नाव. ते कलकत्त्याला गेले. त्या वर्षी जॉर्ज लॅम्बर्ट नावाचे मेनोनाइट पंथाचे उपदेशक मदतवाटपासाठी हिंदुस्थानात हिंडले आणि परत जाऊन त्यांनी इथल्या हालांवर पुस्तक लिहिले. मेनोनाइट म्हणजे युद्धाला नकार देणारे, बहुतेक शेतकरी असलेले लोक. त्या मदतीच्या मागोमाग १८९९ मध्ये छत्तीसगडातल्या धमतरीला त्यांचे मिशन उभे राहिले. आधी मदत आली आणि तिच्या पाठोपाठ मिशन आले, हा क्रम लक्षात ठेवायला हवा. पुढे त्याकडे वळायचे आहे.

'क्विटो'तला मका निसरपूरच्या चुलीपर्यंत पोचला असे मी म्हणणार नाही. धारपर्यंत पोचला तो दुसऱ्या चर्चचा पैसा, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचा. या चर्चचे लोक १८७७ पासून इंदूर आणि महूला होते. १८९५ मध्ये ते धारला आले. त्यांत डॉ. मार्गारेट ओ'हारा नावाची बाई होती. १८९१ मध्ये ती कॅनडातल्या किंग्स्टनला डॉक्टर झाली आणि त्याच वर्षी हिंदुस्थानला निघाली. धारच्या दरबाराने जमीन दिली, तिथे बायकांसाठी रुग्णालय उभे राहिले. १९२७ पर्यंत ती या कामात होती. दुष्काळात तिने रोगी पाहिले आणि अनाथ मुलेही सांभाळली. पुढे 'लीफ ऑफ द लोटस' या नावाने तिने आपल्या आठवणी लिहिल्या.

पण मला अधिक कुतूहल आहे ते पैसे देणाऱ्यांचे. ओंटारियोतल्या कुठल्याशा खेड्यातल्या बाईला धार कशाला ठाऊक असणार? तरी तिला ते ठाऊक झाले, कारण त्या चर्चच्या स्त्रियांची स्वतंत्र मिशनरी संस्था होती आणि गावोगाव तिच्या शाखा होत्या. महिन्यातून एकदा बायका जमत. धार-इंदूरहून आलेली पत्रे छापून शाखांकडे पाठवली जात आणि बैठकीत मोठ्याने वाचली जात. घरात नाण्यांसाठी छोटी पेटी असे. रविवारच्या शाळेत मुले सेंट सेंट टाकत. लोण्याचे, अंड्यांचे पैसे बाजूला काढून हा निधी उभा राहिला. ना रेडिओ, ना टेलिव्हिजन. एका पत्राच्या वाचनावर सात समुद्रांपलीकडचे मूल आपले वाटू लागले, ही गोष्ट मला आजही थोर वाटते.

आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनाही हे सारे जवळचे होते. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशन होते. तिथले रॉबर्ट ह्यूम यांनी अमेरिकेहून आलेल्या मदतीच्या वाटपात मोठे काम केले, आणि त्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पंडिता रमाबाई १८९७ मध्ये मध्य प्रांतात आणि १९०० मध्ये गुजरातेत गेल्या. दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवा यांना त्यांनी केडगावला आणले. मुक्तिसदनातल्या बायकामुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांच्या पोटात जाणाऱ्या भाकरीमागेही परदेशांतल्या अशाच दानपेट्या होत्या.

इथपर्यंत वाचून आमच्यातला एखादा म्हणेल, "बरे, आणि त्या अनाथ मुलांचे पुढे काय झाले, तेही सांगा की!"

सांगतो. त्यांतली बहुतेक मुले ख्रिस्ती झाली. ज्या घरात वाढायचे, त्या घरातला देव मुलाचा होतो. लाला लजपतराय आणि आर्य समाजाची मंडळी याच कारणाने १८९७ मध्ये आणि नंतर १९०० मध्ये दुष्काळातली अनाथ हिंदू मुले गोळा करून आपल्या अनाथालयांत नेत होती. त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. भुकेल्याला घास देताना देणाऱ्याचा दुसरा हात कुठे असतो, हे विचारायचा हक्क प्रत्येक समाजाला आहे. गोमंतकीयाला तर तो प्रश्न कुणी शिकवायला नको. बाटणे, बाटवणे, १९२८ मधली गावड्यांची शुद्धी, हे शब्द आणि या घटना आमच्या घरांतून ऐकतच आम्ही मोठे झालो.

पण या आक्षेपातून एक चांगली गोष्ट निघाली, तीही नोंदवली पाहिजे. मिशनची अनाथालये दिसली म्हणून आपली अनाथालये उघडली. तोवर भुकेने मरणारे परक्या प्रांतातले, परक्या जातीचे मूल ही आपली जबाबदारी आहे असे आपल्याकडे फारसे कुणाला वाटत नव्हते. दया आपल्याकडे होती, अन्नछत्रे होती, धर्मशाळा होत्या. पण न पाहिलेल्या माणसासाठी दर महिन्याला हिशेबाने पैसे काढून ठेवणे, ही सवय वेगळी.

ती सवय मी जवळून पाहिली आहे. माझे आजोळ सांगे तालुक्यातले. शेजारी एक ख्रिस्ती बाई राहायची. पाखाडीतल्या सगळ्यांची ती मावशी. कोरेज्मात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, तिच्या फळीवर पुठ्ठ्याची एक पेटी यायची. न आणलेल्या मांसाचे पैसे ती त्यात टाकायची. एकदा माझ्या आजीने तिला विचारले, "खंय वतात गो हे पयशे?" मावशी म्हणाली, "भुकेल्यांक." आजी आत गेली, कनवटीची चवली काढली आणि पेटीत टाकली. आमच्या घरात त्यावर चर्चा झाली, काका रागावलेही. आजीने उत्तर दिले नाही.

त्याच तालुक्यात कुर्डी गाव होते, मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. साळावलीच्या धरणाखाली ते १९८० च्या दशकात गेले. मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीकर परत येतात. हिंदू सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात, ख्रिस्ती आपल्या कपेलापाशी. निसरपुरात मला सारखी कुर्डी आठवत होती.

कारण मी गेलो तेव्हा निसरपूरचे लोक आपलीच घरे सोडवत होते. दारे, खिडक्या, सागवानी खांब, कौले ट्रॉलीत भरून नव्या वसाहतीकडे चालली होती. काही जण मात्र हलायला तयार नव्हते. मोबदला पुरा मिळाला नाही, यादीत नाव नाही, प्लॉटवर पाणी नाही अशी कारणे ते सांगत होते. १९७९ मध्ये लवादाने पुनर्वसन आधी आणि बुडीत नंतर असे ठरवून दिले होते. २०१७ मध्ये शेजारच्या चिखल्द्याला मेधा पाटकर उपोषणाला बसल्या, त्या याच मागणीसाठी. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. निसरपूरचा बाजार, घरे, शेते पाण्यात गेली.

दूरच्या देशात भूकंप झाला, सुनामी आली की चर्चमध्ये त्या रविवारी वेगळी वर्गणी निघते. देवळांतून, गणेशमंडळांतूनही निघते. धरणात गाव गेले तर तशी हाक ऐकू येत नाही. भूकंपाला गुन्हेगार नसतो, म्हणून दान निर्धास्त देता येते. बुडीत गावाला मदत करायची म्हटली की कुणाच्या निर्णयाने बुडाले हे विचारावे लागते, आणि मग दान देणाऱ्याचा हात अडखळतो.

आता छप्पनियाकडे पुन्हा बघा. पाऊस पडला नाही हे खरे. पण धान्य देशात अजिबातच नव्हते असे नाही. ते विकत घ्यायला भुकेल्याकडे पैसा नव्हता. दादाभाई नौरोजी हे सांगत होते, रमेशचंद्र दत्तांनी १९०० मध्येच लॉर्ड कर्झनना उघडी पत्रे लिहून जमीनमहसुलाकडे बोट दाखवले होते. ओंटारियोच्या बैठकीत वाचल्या जाणाऱ्या पत्रांत हाडे दिसणारी मुले होती, महसुलाचे दर तिथवर सहसा पोचत नसत. त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांच्या नाण्यांनी जी मुले वाचली, ती खरोखरच वाचली. शिवाय माझ्या काकांसारखे रागावणारे त्या वेळी धान्य घेऊन धारला गेले नव्हते.

मग करायचे काय? मला उत्तर सुचते ते निसरपूरच्याच परिसरात. बाबा आमट्यांनी आयुष्याची चाळीसेक वर्षे आनंदवनात कुष्ठरोग्यांची सेवा केली. जगभरातून त्यांना मदत आली, मान आला. आणि १९९० मध्ये, पाऊणशे वर्षांच्या वयात, मोडलेला कणा घेऊन ते बडवानीजवळ कसरावदला नर्मदेच्या काठावर राहायला आले. सेवा सोडून ते आले नव्हते. जखमेवर पट्टी बांधणाऱ्याने कधीतरी जखम करणाऱ्यालाही विचारले पाहिजे, एवढेच ते आपल्या मुक्कामाने सांगत होते. धरण थांबले नाही. पण तो प्रश्न तिथे दहा वर्षे वस्तीला होता.

निसरपूरहून निघताना घरच्या बाईंनी वाटेत खायला चार पानिये फडक्यात बांधून दिले. पुढच्या पावसाळ्यात ज्यांची चूल पाण्याखाली जाणार होती, त्यांनी मला शिदोरी दिली. मी पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत.

आजीचा प्रश्न मला अजून पुरतो. पैसे कुठे जातात, हे विचारून मगच तिने चवली टाकली. त्याला मी माझ्यापुरता दुसरा एक प्रश्न जोडला आहे: हे भुकेले झाले कशाने? दोन्ही विचारावेत. पण उत्तरे मिळेपर्यंत चवली कनवटीत धरून बसू नये.