टेलिफोनवर पुन्हा नॉर्वेजियन

मंगळवार, २४ डिसेंबर १९१८. कॅल्मर जंक्शनला उतरून तुम्ही डेकोराच्या छोट्या गाडीत चढता. डब्यात ओल्या लोकरीचा, कोळशाच्या धुराचा आणि संत्र्यांचा वास कोंडलाय. तुमच्याकडे कुणाचंच लक्ष नाही, कारण तुम्ही कुणाला दिसतच नाही. ते बरंच आहे. फेब्रुवारी १९१७च्या कायद्यानं अमेरिकेनं हिंदुस्थानासकट आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या मजुरांना दार लावून घेतलंय. दिसला असतात, तर सणाच्या आदल्या दिवशी उगाच चौकशी मागं लागली असती.

आयोवा म्हटलं की सपाट जमीन आणि क्षितिजापर्यंत मका, एवढंच तुमच्या डोक्यात असतं. इथं उतरल्यावर ते मोडीत निघतं. राज्याच्या या ईशान्य कोपऱ्यात टेकड्या आहेत, चुनखडीचे उभे कडे आहेत आणि त्यांच्यामधून अपर आयोवा नदी वळणं घेत जाते. गावाला हो-चंक लोकांच्या वॉकन डेकोरा या म्होरक्याचं नाव आहे. वस्ती ४ हजारांच्या आसपास, आणि त्यात नॉर्वेहून आलेल्यांचा भरणा इतका की वॉटर स्ट्रीटवरच्या दुकानाच्या पाट्या वाचताना समुद्र ओलांडून पलीकडे गेल्यासारखं वाटावं.

पण कान द्या. रस्त्यावर गर्दी आहे, घोड्यांच्या घसरगाड्या उभ्या आहेत, पोरं काचांना नाक लावून खेळणी बघतायत, आणि तरी मोठी माणसं दबक्या आवाजात बोलतायत. दोन बायका समोरासमोर येतात. एक काही बोलायला तोंड उघडते, डावी-उजवीकडे बघते आणि मग इंग्रजीत म्हणते, "मेरी ख्रिसमस." दुसरी हसते. नॉर्वेजियनमध्येच उत्तर देते, आणि पहिली चक्क दचकते.

हे दचकणं समजायला सात महिने मागं जावं लागेल. २३ मे १९१८ला गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं. शाळेत शिकवायचं ते इंग्रजीतच, सार्वजनिक जागी, रेल्वेत, टेलिफोनवर बोलायचं ते इंग्रजीतच, भाषणं इंग्रजीत, आणि चर्चमधली उपासनाही इंग्रजीत. ज्याला इंग्रजी येत नसेल त्यानं घरी बसून प्रार्थना करावी. महायुद्ध चालू होतं, रोख जर्मनांवर होता, पण जाळ्यात सगळेच आले : नॉर्वेजियन, डॅनिश, डच, चेक. देव फक्त इंग्रजीच ऐकतो, दुसऱ्या भाषेत प्रार्थना म्हणजे वेळेचा अपव्यय, अशा अर्थाचंही गव्हर्नरसाहेब बोलून गेले. तिकडे स्कॉट काउंटीत चार बायका टेलिफोनवर जर्मन बोलताना सापडल्या, तर त्यांना २२५ डॉलर भरावे लागले, रेडक्रॉसच्या नावे. नॉर्वे तर युद्धात तटस्थ होता, आणि इथली पोरं अमेरिकेचा गणवेश घालून फ्रान्सला गेलेली. खिडक्यांत लावलेले ते छोटे झेंडे बघा. लाल चौकट, मध्ये पांढरं, त्यावर निळी चांदणी. घरातला एक मुलगा फौजेत असला की एक चांदणी. मेला की सोनेरी.

फर्मान ४ डिसेंबरला मागं घेतलं गेलं. त्याला आज वीस दिवस झालेत. कागदावरून बंदी जाते तशी ती जिभेवरून लगेच जात नाही, हे तुम्हाला आत्ता त्या दचकलेल्या बाईच्या चेहऱ्यावर दिसलं.

जाता जाता ‘डेकोरा-पोस्टेन’च्या कचेरीवर नजर टाका. १८७४पासून इथून नॉर्वेजियन वर्तमानपत्र निघतंय आणि डाकोटाच्या माळरानापर्यंत जातंय. फर्मान जिभेसाठी होतं. छापील कागदाचं त्यात नाव नव्हतं. म्हणजे उन्हाळाभर माणसं जी भाषा वाचत होती, ती मोठ्यानं बोलायला चोरी होती! या लोकांचं नाताळचं वार्षिकही आहे, ‘यूल इ व्हेस्टरहायमेन’. मिनियापोलिसहून १९११पासून निघतं; कथा, कविता, चित्रं, सगळं छान कागदावर. सणाला फराळाच्या ताटाशेजारी वाचायचा अंक हवा, ही गरज ‘मनोरंजन’ मासिकाचे संपादक मित्र यांनी १९०९मध्ये पहिला दिवाळी अंक काढून ओळखली होती. तेव्हा तुम्हाला इथं परकं वाटायचं कारण नाही.

आता गावाबाहेर, वॉशिंग्टन प्रेअरीच्या बाजूला जाणाऱ्या एका घसरगाडीत बसा. अंगणात खांबावर ओटची पेंढी बांधलेली दिसेल, पाखरांसाठी. गोठ्यात गुरांना आज जास्तीचा चारा. मागच्या दारानं आत शिरा. शेतावरच्या घरात पुढचं दार पाद्री आल्यावर उघडतात.

स्वयंपाकघरात चूल लाकडावर आणि मक्याच्या वाळक्या बुरकुंडांवर पेटलीय. घरची बाई उकडलेल्या बटाट्याच्या मऊ पिठाची लेफ्से लाटतेय. लाटणं खाचांचं आहे, आणि लेफ्से इतकी पातळ झालीय की उचलायला लांब, चपटी काठीच लागते. काठी मधोमध खाली सरकवायची, उचलायची, चुलीच्या तापलेल्या लोखंडावर उलगडत पसरायची. फोड आले, तपकिरी ठिपके पडले की उलटायची. मग फडक्यात घड्या घालून मऊ ठेवायची, आणि खाताना लोणी-साखर लावून गुंडाळी. साखर मात्र जपून. ऑगस्टमध्ये ती माणशी महिन्याला दोन पौंडांवर आली होती. अन्नखात्याचे प्रमुख हर्बर्ट हूवर हे आयोवाच्याच वेस्ट ब्रांचचे, म्हणून बायका त्यांच्याबद्दल जपून तक्रार करतात.

तेवढ्यात एक वास येतो आणि तुम्ही थबकता. वेलदोडा. मोठी मुलगी फातिमान तळतेय : अंड्याचा बलक, साय, मैदा, वेलदोडा; तिरक्या चौकटीच्या आकाराचे तुकडे, मधे चीर, चिरेतून एक टोक ओवून डुकराच्या चरबीत सोडायचं. हा वेलदोडा बहुधा मलबारच्या डोंगरातून, नाहीतर सिलोनमधून, कितीतरी बंदरं फिरून इथवर आलाय. कृतीत एक चमचा ब्रँडीही असते. पण आयोवात १ जानेवारी १९१६पासून दारूबंदी आहे. आई मुलीकडे पाठ करून मांडणीच्या वरच्या फळीवर हात घालते, ‘औषधाची’ बाटली काढते आणि पिठात ओतते. मुलगी कढईकडेच बघत राहते.

भिंतीवरचा टेलिफोन वाजतो. एक लांब, दोन आखूड : या घराची खूण. एकाच तारेवर सात-आठ शेतं असतात, आणि कुणाचीही घंटी वाजली की बाकीच्या घरांतही कानाला चोंगा लागतो. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, कुणी कबूल करत नाही.

"हॅलो," बाई इंग्रजीत म्हणते. पलीकडे तिची बहीण आहे. तीही इंग्रजीत, अडखळत, विचारते की रात्री किती जण येणार. दोघी थोडा वेळ शाळेतल्या धड्यासारखं बोलतात. मग बहीण थांबते आणि घरच्या बोलीत सुरू होते : "अगं, लूटेफिस्क नीट भिजलाय का? गेल्या वर्षीसारखा दगड नको." या बाईचा हात पिठानं भरलेला, चोंगा कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. तारेवर कुणाचा तरी श्वास ऐकू येतोय. ती क्षणभर गप्प राहते, आणि मग त्याच बोलीत, मोठ्यानं सांगते, "मासा नीट भिजलाय. जो कोणी ऐकतोय त्यालाही सांग, ये म्हणावं जेवायला."

तारेवर तिसरं कुणीतरी फिसकन हसतं.

पाच वाजता चर्चची घंटा वाजू लागते. बाहेर अंधार पडू लागलाय. वाळवलेला कॉड आधी पाण्यात, मग क्षारात, मग पुन्हा कितीतरी दिवस पाण्यात, तेव्हा कुठे तो थरथरता लूटेफिस्क ताटात येतो. वर वितळलेलं लोणी. तुम्हाला आवडणार नाही. इथल्या मुलांनाही आवडत नाही, ती भाताच्या खिरीतला बदाम शोधण्यात गुंतलीत. जेवणानंतर आजोबा जाडजूड बायबल उघडून येशूजन्माचा अध्याय वाचतात, नॉर्वेजियनमध्ये. आजोबांनी त्यात कधी खंड पडू दिला नाही. घरात बंदी नव्हतीच. झाडावर खऱ्या मेणबत्त्या लागतात, कोपऱ्यात पाण्याची बादली ठेवलेली. सगळे हात धरून झाडाभोवती फेर धरतात. धाकट्याला गाण्याचे शब्द येतात, अर्थ विचारला तर तो इंग्रजीत सांगतो.

याच परिसरात १८५३च्या नाताळच्या पूर्वसंध्येला पाद्री कोरेन आणि त्यांची बायको एलिझाबेथ नॉर्वेहून येऊन पोचली. घर नव्हतं. दुसऱ्याच्या एका खोलीच्या लाकडी झोपडीत पडदा लावून त्यांनी तो हिवाळा काढला. एलिझाबेथबाईंनी रोजनिशी लिहिली, म्हणून ते आपल्याला कळतं. त्यांच्याच मंडळींच्या नातवंडांना १९१८च्या उन्हाळ्यात चर्चमध्ये आपल्या भाषेत उपासना करायला मनाई झाली.

उद्या सकाळी प्रवचन पुन्हा नॉर्वेजियनमध्ये होईल आणि म्हातारी माणसं रडतील. पण तरुण बाकं इंग्रजी प्रवचनाला सरावलीत आणि त्यांना ते सोयीचंही वाटू लागलंय. फर्मानानं भाषा मारली असं म्हणणं मला जरा जास्त वाटतं. शाळा, बाजार आणि लग्नं ते काम आधीपासूनच करत होती. फर्मानानं घाई केली, आणि त्यात लाज मिसळली. लाजेचा भाग मला अधिक वाईट वाटतो.

आणखी चार दिवस थांबा. नाताळ आणि नवं वर्ष यांच्यामधल्या रात्री यूलेबुकांच्या, म्हणजे सोंगांच्या. दारावर धडका बसतात आणि मुखवटे घातलेली सहा-सात माणसं आत घुसतात : बायकांचे झगे घातलेले पुरुष, उलटे कोट, शिंगं. शेजारच्या शेतावर इन्फ्लुएंझानं दोघं अंथरुणाला खिळलेत, म्हणून सोंगं तिकडे न जाता थेट इथं आलीत. खेळ साधा आहे. यजमानांनी ओळखायचं कोण कोण आहे, आणि सोंगांनी ओळख लागू द्यायची नाही. म्हणून ती श्वास आत ओढता ओढता, किनऱ्या आवाजात बोलतात. एक जाडं सोंग आणखी हुशारी करून इंग्रजीत बोलतं.

"शिंगं काढ, ताई," घरची बाई म्हणते. "असं इंग्रजी या तालुक्यात दुसरं कुणी बोलत नाही."

मुखवटा निघतो, बहीण लालेलाल. फातिमानची परात फिरते, कॉफी येते. मग रीतीप्रमाणे यजमानांनाही पुढच्या घरी न्यायचं असतं. बाई नवऱ्याची विजार चढवते, तोंडाला काजळी फासते आणि विचारते, "कुत्रं कुणाकडे बांधलेलं नाही? तिथं आधी जाऊ."