सुरतेचा कारागीर आणि हार्टलपूलचे जहाज

सुरत म्हटले की आपल्या घरांत आधी १६६४ची महाराजांची स्वारी निघते. तापीकाठच्या जहाजबांधणीचा विषय सहसा निघत नाही. १७३६मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर येथून मुंबईला गेले. त्यांच्याच घराण्यातील जमशेदजी बमनजींनी पुढे इंग्रजी आरमारासाठी 'त्रिंकोमाली' ही शिडाची युद्धनौका सागवानात बांधली. तिचे पहिले नकाशे वाटेत समुद्रात बुडाले, दुसरी प्रत यावी लागली! तळाच्या तुळईत रीतीप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली.

१९९०मध्ये इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात तिची दुरुस्ती सुरू झाली, ती २००१पर्यंत चालली. तोवर मूळ लाकडाचा बराच भाग टिकून होता. मला डॉक्टर म्हणून याचे कारण फार आवडते: ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातील तेल त्यांना राखते. ब्रिटनची पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका आज हीच. ती मुंबईची म्हणून ओळखली जाते, आणि ते खरेच आहे. मात्र लवजींचा हात बसला तो सुरतेच्या गोदीत, एवढे आपल्या मुलांना सांगायला हवे.