नीरेकाठचं मीठ

बारामती-इंदापूर म्हटलं की डोळ्यांसमोर ऊस येतो. पण त्याच उसाच्या मधूनमधून असेही पट्टे आहेत, जिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर चढतो, लांबून पाहिलं तर कुणी चुना फासलाय असं वाटावं. या जमिनीला इथे क्षारपड म्हणतात. ओली असताना चिकटणारी आणि वाळली की दगड होणारी असेल, तर चोपण. हे मीठ समुद्राचं नाही. समुद्र इथून दीडशेहून जास्त किलोमीटरवर आहे. ते आलं जमिनीखालून, आणि त्याला वर आणलं कालव्याने.

१८७६-७८चा दुष्काळ दख्खनने विसरू नये असाच होता. त्यानंतर कोरड्या पट्ट्याला पाणी द्यायचं म्हणून नीरा डावा कालवा झाला आणि १८८५ मध्ये त्यातून पाणी सुटलं. पुढे भाटघरच्या धरणाचा त्याला आधार मिळाला. कालवा पुरंदरकडून बारामतीत आणि तिथून इंदापूरकडे जातो. तो उंचावरून वाहतो, शेतं उताराने खाली नदीपर्यंत पसरलेली. पाणी आलं, पाठोपाठ ऊस आला, सासवडचे माळी आले, गुळाची गुऱ्हाळं आली. ज्या गावांनी पावसाची वाट पाहत पिढ्या काढल्या, त्यांना बारमाही पाणी म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं.

मग काही वर्षांनी खालच्या अंगाच्या शेतांत पांढरं दिसू लागलं.

कारण समजायला सोपं आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. कालव्यातून झिरपलेलं आणि उसाला गरजेपेक्षा जास्त दिलेलं पाणी खाली मुरतं. पाषाणातून ते पुरेसं वाहून जात नाही, म्हणून भूजलाची पातळी वर्षागणिक वर येते. ती जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आली की काळी माती कंदिलाच्या वातीसारखी पाणी वर ओढू लागते. पाणी उन्हात उडून जातं. दगड झिजून तयार झालेले आणि त्या पाण्यात विरघळलेले क्षार मात्र वरच राहतात. वरच्या शेतकऱ्याने पाणी जास्त दिलं आणि खालच्याची जमीन गेली, असं इथे अगदी शब्दशः घडतं.

या खोऱ्याचं वेगळेपण म्हणजे इथे लोक हळहळून थांबले नाहीत. १९१० मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच्या थोडं आधी, तरुण इंजिनिअर असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर गटपद्धती सुचवली होती. जिथे मन मानेल तिथे ऊस न लावता, ठरलेल्या गटांत, पिकांची फेरपालट करून पाणी द्यायचं. १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या अशा प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. क्लॉड इंग्लिस यांनी तो वाढवला. खडकवासल्याचं आजचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ते हेच. आणि १९३२ मध्ये नीरेच्या पलीकडच्या काठाला, फलटण तालुक्यातल्या पाडेगावात ऊस संशोधन केंद्र सुरू झालं.

अशा तपासाची रीत आजही तीच आहे. विहिरींची पातळी महिन्या-महिन्याला मोजा. जिथे विहीर नाही तिथे बोअर पाडा. पाण्याचे आणि मातीचे नमुने घ्या. मग नकाशावर रेषा काढा, म्हणजे पाणी कुठून कुठे सरकतं ते दिसतं. आधी स्रोत आवरा, मगच निचरा करा. निचऱ्याचा चर निव्वळ काळ्या मातीत खणला तर फारसा उपयोग नाही, कारण त्या मातीतून पाणी फार हळू सरकतं. चर मुरमापर्यंत गेला पाहिजे. शेवटी जिप्सम टाकायचं आणि गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे.

हा जुना इतिहास आता काढायचं कारण पेट्रोल आहे. याच मातीत, याच मुरमावर आज हायवेच्या कडेला पंप उभे आहेत आणि प्रत्येकाखाली टाक्या पुरलेल्या आहेत. खारट, ओलसर जमिनीत पुरलेलं लोखंड लवकर गंजतं. टाकी किंवा पाइप गळला तर पेट्रोल भूजलापर्यंत उतरतं आणि त्यावर तरंगतं. त्यातलं बेंझिन मात्र पाण्यात विरघळून पुढे जातं. पिण्याच्या पाण्यात त्याचं प्रमाण लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतक्या कमी प्रमाणाला वास येत नाही, चवही लागत नाही. पाषाणाच्या भेगांतून ते कुठल्या विहिरीत निघेल, हे वरून सांगता येत नाही. त्यात कालव्याचं आवर्तन आलं की पातळी वर, संपलं की खाली. तरंगणारं इंधनही तसंच वरखाली होत मातीच्या जाड थराला माखतं.

आणखी एक गोष्ट. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या पट्ट्यातला ऊस आता इथेनॉलच्या रूपानेही पेट्रोलमध्ये जातो. जमिनीतले जिवाणू एरवी बेंझिन हळूहळू खातात. पण इथेनॉल मिळालं की ते आधी त्याच्यावर तुटून पडतात, त्यात तिथला प्राणवायू संपतो आणि बेंझिन जास्त दूरवर जाऊ शकतं. म्हणजे ज्या पिकासाठी इथलं भूजल वर आलं, तेच पीक या दुसऱ्या प्रश्नातही हजर आहे.

उपाय नीरेकाठानेच शिकवलेला आहे. निरीक्षण विहिरी, नमुने, नकाशा. गळती बंद करणं, तरंगणारं इंधन उपसणं, जमिनीतली वाफ ओढून घेणं, पाण्यात हवा सोडणं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पंपांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

पण नीरेचा अनुभव आणखी एक सांगतो. तंत्र शंभर वर्षांपूर्वी कळलेलं असूनही पांढरे पट्टे आहेत, कारण चर एकट्याच्या शेतात संपत नाही. तो दहा जणांच्या बांधांतून जातो. एकाने गाळ काढला नाही की वरच्या नऊ जणांचं पाणी तुंबतं. धुतलेलं मीठही नाहीसं होत नाही, ते ओढ्याने नीरेत आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत जातं. पेट्रोलचंही तसंच. टाकी एकाची, विहीर दुसऱ्याची, आणि विहिरीचं पाणी तपासायचा खर्च मात्र बहुतेक वेळा ज्याची विहीर बिघडली त्यालाच करावा लागतो.

म्हणून तपासाला सुरुवात गळती व्हायच्या आधीच करायला हवी. पंपाजवळच्या विहिरींचं पाणी आज कसं आहे, याची नोंद गावाच्या हाती असली, तर उद्या भांडायला निदान एक आकडा असेल. नीरेकाठच्या पहिल्या क्षारपड शेतकऱ्यांकडे तोसुद्धा नव्हता. त्यांच्याकडे फक्त पांढरी पडलेली जमीन होती.