थोरोच्या रोजनिशीतला रुक्ष भाग

थोरोची रोजनिशी नेटाने वाचायला घेणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे. १८५० नंतर ती कंटाळवाणी होत जाते, असे ते म्हणतात. तक्रार अगदीच निराधार नाही. २२ ऑक्टोबर १८३७ रोजी, बहुधा इमर्सनच्या विचारण्यावरून, वीस वर्षांच्या हेन्री डेव्हिड थोरोने ही रोजनिशी सुरू केली, तेव्हा तिचे स्वरूप चिंतनाच्या टिपणवहीचे होते. ‘वॉल्डन’चा (१८५४) बराचसा ऐवज तिच्यातूनच आला. पुढे मात्र पानेच्या पाने भरतात ती वनस्पतींच्या नावांनी, पहिल्या फुलाच्या तारखांनी, नदीच्या पाण्याच्या मोजमापांनी आणि तळ्यावरचे बर्फ कधी फुटले याच्या नोंदींनी. प्रतिभा आटली आणि कारकुनी उरली, असा निष्कर्ष बऱ्याच समीक्षकांनी काढला.

ही कारकुनी सोपी नव्हती. जमीनमोजणीचे काम आणि घरचा पेन्सिलींचा व्यवसाय सांभाळून थोरो रोज दुपारी चारचार तास कॉनकॉर्डच्या परिसरात हिंडत असे. वनस्पती दाबून ठेवायला एक जुनी संगीताची वही, आणि नमुने घरापर्यंत टवटवीत राहावेत म्हणून टोपीच्या आत बसवलेला एक कप्पा. (गावकरी या टोपीबद्दल काय बोलत असतील ते सांगायला नकोच.) एखादे फूल नेमके कधी उमलते हे कळावे म्हणून चारपाच मैलांवरच्या त्याच एका झाडाकडे तो पंधरवड्यात पाचसहा वेळा जाई.

आपण कशाच्या मागे लागलो आहोत, ही शंका त्याला स्वतःलाही होती. आपली दृष्टी तपशिलात अडकून अरुंद होत चालली आहे, अशी खंत त्याने १८५१ मध्येच नोंदवली. १८५३ साली अमेरिकेतल्या विज्ञानप्रसारक संस्थेने त्याच्याकडे प्रश्नावली पाठवली, तेव्हा आपण गूढवादी आहोत हे या मंडळींना कळणार नाही, असे त्याने रोजनिशीत लिहिले. आणि तरीही तारखा टिपणे थांबले नाही. अखेरच्या वर्षांत त्याने जुन्या वह्या उपसून १८५२ ते १८५८ या काळातल्या पाचशेहून अधिक जातींच्या बहराचे तक्ते आखले, एका बाजूला वनस्पती, दुसऱ्या बाजूला वर्षे. त्यांतून त्याला काय घडवायचे होते, हे पुरते उलगडण्याआधीच ६ मे १८६२ रोजी क्षयाने तो गेला. वय ४४. मागे राहिल्या ४७ हस्तलिखित वह्या.

त्याच गावातल्या आल्फ्रेड हॉस्मर नावाच्या दुकानदाराने १८७८ मध्ये, आणि पुढे १८८८ ते १९०२ या काळात सलग, सातशेहून अधिक जातींच्या बहराच्या तारखा टिपल्या. साहित्याच्या इतिहासात या गृहस्थांना जागा नाही. पण बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांचे विद्यार्थी अब्राहम मिलर-रशिंग हे २००३ पासून कॉनकॉर्डमध्ये फुले शोधत हिंडू लागले, तेव्हा त्यांच्या हाती या दोघांच्या याद्या होत्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष असे: सर्वत्र आढळणाऱ्या ४३ जाती थोरोच्या काळापेक्षा सरासरी सात दिवस आधी फुलत होत्या, ब्लूबेरीचे झुडूप २१ दिवस, तर आपल्या अंगणातल्या आंबुटीची तिथली सख्खी बहीण ३२ दिवस आधी. तिथले तापमान तोवर सुमारे २.४ अंश सेल्सिअसने वाढले होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधानुसार थोरोने पाहिलेल्या जातींपैकी २७ टक्के त्या परिसरातून नाहीशा झाल्या होत्या आणि ३६ टक्के जेमतेम तग धरून होत्या. तापमानाबरोबर बहराचा काळ बदलणे ज्यांना जमले नाही, त्या जाती अधिक प्रमाणात गेल्या. समीक्षकांनी उलटून टाकलेली पाने नसती, तर हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

मराठी वाचकाला इथे दुर्गाबाई आठवणे अपरिहार्य आहे. ‘वॉल्डन’ मराठीत आणले ते त्यांनीच, आणि ‘ऋतुचक्र’ही (१९५६) त्यांचेच. ‘ऋतुचक्र’ चैत्र-वैशाखांच्या अंगाने जाते, आणि ललितलेखनाला तेच शोभते. परंतु चैत्र हा मोजपट्टी म्हणून सरकता आहे. २०२३ मध्ये गुढीपाडवा २२ मार्चला आला आणि २०२४ मध्ये ९ एप्रिलला. अठरा दिवसांचा फरक. कॉनकॉर्डचे ते सात दिवस अशा मापात सहज हरवून जातील. प्रस्तुत लेखकाच्याही तीन वह्या आहेत. त्यांत बहाव्यावर बरेच भावपूर्ण लिहिलेले आहे. पहिले फूल कधी दिसले याची तारीख तिन्हींत मिळून एकदाच आढळली. हे वाचकांना सांगताना संकोच वाटतो, पण लपवण्यातही अर्थ नाही.

थोरोची अखेरची नोंद ३ नोव्हेंबर १८६१ची आहे. रात्री वादळी पाऊस झाला होता, आणि रेल्वेच्या भरावावरच्या खडीत थेंबांनी पाडलेल्या खुणांवरून वारा कोणत्या दिशेने आला होता हे स्पष्ट दिसत होते, एवढेच त्याने त्या दिवशी लिहिले आहे.